बंद्याचा आवाज

“तिचा बंदा कुठला वाजायला? मुळात टंचच कमी!”

लिफ्टमध्ये माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघींपैकी एक म्हणाली आणि दुसरी नाकातून हसली. माझ्या कानात इअरफोन होते, पण गाणं कुठलंच लागलेलं नव्हतं. चाकणहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरले की घरात शिरेपर्यंत मी ते तसेच ठेवते. कुणी बोलायला येत नाही आणि आपल्याला सगळं ऐकू येतं.

“आणि सांगत काय होती, तर राणीछाप रुपयांचे तोडे!”

“अगं, सांगायला काय जातंय? निम्मं जर्मन सिल्व्हर असेल त्यात.”

पाचव्या मजल्यावर त्या उतरल्या. उतरताना एकीनं माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. मीही हलवली. दार बंद झालं आणि मला उगाचच अपराधी वाटलं, कारण ज्या आकड्यावर त्या हसत होत्या तो माझ्या अक्षरात होता.

बोलणं चाललं होतं ते सी विंगमधल्या डब्यावाल्या ताईंबद्दल. ताई लातूरकडच्या. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर, आणि ताई पहाटे उठून तिथल्याच पोरांचे डबे करतात. आणि बंदा म्हणजे आमच्या सोसायटीचं नाणं. हे बाहेरच्या कुणाला सांगितलं की आधी हसू येतं, म्हणून नीट सांगते.

आमची सोसायटी मोशीत आहे, नदीच्या अंगाला. चार इमारती, आणि कंपाउंडच्या पलीकडे कुणीतरी अजून न विकलेलं मेथीचं वावर. इमारतींमधलं मूळचं इथलं कुणीच नाही. सगळ्यांची माहेरं लांब, सासरं लांब, त्यामुळे अडीनडीला शेजारीणच. एकीनं दुसरीच्या साडीला फॉल लावून द्यायचा, दुसरीनं तिचं बाळ दोन तास बघायचं. पुढे त्यातून रुसवेफुगवे व्हायला लागले, की दरवेळी मीच का. मग पिवळ्या कार्डाच्या चिठ्ठ्या निघाल्या. एका तासाच्या कामाला एक चिठ्ठी. शिक्का सेक्रेटरींच्या घरी. वर्षभर छान चाललं. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सेक्रेटरींच्या मिसेसना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी वाण म्हणून प्रत्येकीला दहा-दहा चिठ्ठ्या लुटल्या. सगळ्या खूश. पुढच्या आठवड्यात कुणी कुणाचं काम करेना. प्रत्येकीच्या पर्समध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि फॉल लावायला सांगितला तर त्याच्या पाच चिठ्ठ्या. “चिठ्ठीचं काय घेऊन बसलात, झेरॉक्स मारली की झाली,” असं माझी आईसुद्धा म्हणाली.

तेव्हा ए विंगमधल्या मावशींनी सूत्रं हातात घेतली. मावशी बँकेत कॅशियर होत्या, आता रिटायर्ड. अजूनही वर्तमानपत्राची पानं अंगठा ओला करून, नोटा मोजल्यासारखी उलटतात.

“कागदाच्या मागं काहीतरी खणखणीत लागतं गं,” त्या म्हणाल्या. “नाहीतर तो कागदच. आपण चांदी ठेवू.”

प्रत्येकीनं घरातली पडून असलेली चांदी आणायची. वाळे, पैंजण, फुलपात्रं, काय असेल ते. ती एका लॉकरमध्ये राहील, किल्ल्या तिघींकडे. ज्या वस्तूत जेवढी शुद्ध चांदी, तेवढीच नाणी तिच्या मालकिणीला. एक नाणं म्हणजे एक ग्रॅम, आणि कामाला चिठ्ठीसारखंच, तासाला एक. मनात येईल तेव्हा नाणी परत करावीत आणि आपली वस्तू घेऊन जावी. वाण म्हणून वाटायला कुणाच्याच हातात काही नाही, कारण चांदी काही झेरॉक्स होत नाही. भोसरीला एकीच्या नवऱ्याचं प्रेसचं वर्कशॉप आहे. पत्र्याला भोकं पाडताना जे गोल तुकडे खाली पडतात, ते त्यांनी घासून, त्यावर नंबर ठोकून दिले.

नाव मावशींचंच. “बंदा रुपया म्हणतो ना आपण, तसा बंदा. आमचे वडील दगडावर आपटून बघायचे. वाजला तर खरा.”

स्टीलचा गोल काही चांदीसारखा वाजत नाही. तरीही बायका बंदा हातात आला की फरशीवर टाकायच्या आणि म्हणायच्या, “वाजला!” हा आमच्याकडचा खेळच झाला होता.

राहिला टंच. शंभरातला किती भाग शुद्ध, ते सांगणारा सोनारांचा शब्द. मला तो शब्द फक्त कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांच्या तोंडून, भलत्याच अर्थानं माहीत होता. त्यामुळे भर सभेत मावशी म्हणाल्या, “आधी सगळ्यांचा टंच काढून घेऊ,” तेव्हा मी हातातल्या पोह्यांच्या डिशमध्ये बघत राहिले. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. इंजिनिअर मुलगी, अक्षर चांगलं, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणता न येणारी.

सोनारकाकांचं दुकान मोशीच्या जुन्या गावठाणात, मारुतीच्या मागच्या बोळात आहे. गुढीपाडव्याच्या आधी एका शनिवारी मावशी आणि मी सगळी गाठोडी घेऊन गेलो. ताई डबे पोचवायला गेल्या होत्या, त्यांनी आपले तोडे एका जुन्या उपरण्यात बांधून माझ्या हातात दिले होते. “आजीच्या राणीछाप रुपयांचे हायेत मॅडम. आमच्या वडलांनी आईसाठी आटवून घेतले. सांभाळून.”

काकांकडे टंच काढायचं मशिन होतं, पण त्याचा कागदाचा रोल संपला होता.

“पोरी, रोल न्हाई. मी आकडा सांगतो, तू लिवून घे. व्हय?”

मशिनची स्क्रीन त्यांच्याकडे तोंड करून. मावशी पाठमोऱ्या बसून गाठोडी सोडत होत्या आणि दोऱ्याला नावांच्या चिठ्ठ्या बांधत होत्या, आकड्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. काका सांगत होते, मी लिहीत होते. आमच्या भागातले दुकानदार बोलतात तसंच बोलत होते, मिसळून. “नाइन्टी टू. सिक्स्टी फाय. ह्ये नव्वद. ह्ये पैंजण, ह्यात काय न्हाई, साठ लिव.” मग त्यांनी ताईंचे तोडे हातात घेतले, चष्मा वर केला, आणि अंगठ्यानं त्यांची वीण चाचपत राहिले.

“ह्ये बघा. ह्ये काम आता कोन करीत न्हाई,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मशिनमध्ये बघितलं आणि म्हणाले, “सत्त्याऐंशी!”

नव्वद-साठ सोडले तर सबंध दुपारीत मराठीत आलेला तो एकच आकडा. माझं पेन थांबलं.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी सहसा सांगत नाही. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला येत नाहीत. दहा-दहाचे येतात, मधले नाहीत. बालवाडीपासून इंग्लिश मीडियम, आणि घरात आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, “हिला ना, अडुसष्ट म्हटलेलं कळतच नाही!” पाहुणे हसायचे. मीही हसायचे, आणि तेव्हापासून विचारायचं सोडून दिलं. भाजीवाल्यानं आकडा सांगितला की मी शंभराची नोट द्यायचे आणि तो देईल ते परत घ्यायचे. आता मोबाइलवरून पैसे देताना फोनच त्याच्या हातात देते, “तुम्हीच टाका ना, काका.” त्याला वाटतं माझा किती विश्वास आहे.

तर सत्त्याऐंशी. आधी सात ऐकू आलं, मग ऐंशीतला आठ. आले तसे लिहिले. सात, आठ. 78.

“लिवलं का?”

“हो.”

म्हणजे किती, एवढंच विचारायचं होतं. काका काही हसले नसते. निदान त्यांच्या आवाजावरून तरी मला कळायला हवं होतं. वाईट टंच निघाल्यावर कुणी तसं बोलत नाही.

मावशींनी माझी यादी जशीच्या तशी फोटो काढून ग्रुपवर टाकली, सगळं उघड असावं म्हणून. ताईंना वाटलं होतं त्यापेक्षा बंदे कमी मिळाले. त्यांनी ते मोजून स्टीलच्या डब्यात ठेवले. तेव्हा तो विषय तिथेच मिटला. पण दिवाळीच्या सुमाराला चांदीचा भाव असा चढला की बंदे घराघरांत दडून बसले. फॉल लावून घ्यायला कुणी तयार नाही, बंदा खर्च करायला जीव होत नाही. त्या दिवसांत जुनी यादी पुन्हा वर आली, आणि कुणाची चांदी किती चोख यावर पार्किंगमध्ये चर्चा सुरू झाल्या. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, असंही कुणी म्हणालं. खरं तर ताईंना बंदे कमीच मिळाले होते, त्यांच्यामुळे कुणाचं काही बुडत नव्हतं. मावशींनी ते दोनदा समजावलं. ऐकायला कुणाला हवं होतं?

बंदे खर्च करणारी त्या दिवसांत जवळपास एकटी बाई होती, आणि ती म्हणजे ताई. त्या दर शनिवारी दुपारी माझ्याकडे इंग्रजी आकडे शिकायला यायच्या आणि जाताना एक बंदा टेबलावर ठेवायच्या.

“गिऱ्हाइकं फोनवर इंग्लिशमध्येच सांगलालेत मॅडम. रूम नंबर, ओटीपी, काय न काय. पन्नासच्या पुढं माझी गाडी अडकती बगा.”

मी हसले होते. माझीही तिथेच अडकते, हे मात्र म्हणाले नव्हते.

लिफ्टमधल्या त्या बोलण्यानंतरचा शनिवार. मी वहीत आकडे लिहीत होते आणि ताई वाचत होत्या. मी 87 लिहिलं. त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, बोटांवर जुळवलं आणि मोठ्यानं सांगितलं, “सेव्हन एटी.”

“उलटं, ताई. एटी सेव्हन.”

“असं कसं? सत्त्याऐंशी म्हणतो की आपण. सात आधी, ऐंशी मागून.” मग त्यांच्याच लक्षात येऊन त्या हसायला लागल्या. “म्हंजे इंग्लिशमध्ये थोरला पुढं चालतो, अन् आपल्यात धाकटा!”

मी वहीकडे बघत होते. मशिनमागून आलेला तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला.

“सत्त्याऐंशी म्हणजे हे?” मी 87 वर बोट ठेवलं.

“हां मग.”

“नक्की?”

“मॅडम, आज माझी परीक्षा घेलालाव का काय?”

मी पाणी आणायला आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर बघितलं. नक्कीच होतं.

बाहेर आले तेव्हा ताई वही मिटून बसल्या होत्या. त्यांनी आपणहूनच विषय काढला. पुढच्या रविवारच्या मीटिंगला सगळे बंदे परत करून तोडे घेऊन जाणार, म्हणाल्या. खर्च झालेले भरून काढायला महिनाभर शेजारणींना एका बंद्यात दुप्पट डबे करून देत होत्या.

“लोक बोलतात त्याचं काही नाही. पण दिवाळीला माहेरी गेल्ते तेव्हा आईला विचारलं मी. म्हटलं, बाबांनी खरंच रुपये आटवले होते, का तुला खोटं सांगून दुसरंच काहीतरी घालून आणलं? माझी आई उठून आत गेली. तेव्हापासून फोन उचलत न्हाई. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, अन् मी आता त्यांना चोर ठरवायला बसले.”

“दुसऱ्या सोनाराला दाखवा ना,” मी म्हणाले. हे म्हणताना माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या सोनारानं खरा आकडा सांगितला, तर मला काहीच सांगावं लागणार नव्हतं.

“न्हाई ओ. हिंमत न्हाई. तिथंबी तेवढाच निघाला तर? पेटीत टाकून ठेवते आता.”

उठताना त्यांनी बंदा फरशीवर टाकला, उचलला आणि माझ्या हातात दिला. “वाजला बगा.”

तो आठवडा मी कसा काढला ते मला आठवतं. माझी नोकरीच मोजायची आहे. चाकणच्या त्या एसी लॅबमध्ये मी दिवसभर लोखंडाचे पार्ट मोजते, केसाहून बारीक फरक पकडते. आमच्याकडे नियम आहे, एकदाच मोजून पार्ट नापास करायचा नाही. दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजायचा, आणि दोघांचं जुळलं नाही तर आधी मोजणाऱ्याला तपासायचं, पार्टला नंतर. गुरुवारी मी एक पार्ट तसा पुन्हा मोजायला पाठवला आणि नुसतीच बसून राहिले.

बसमध्ये मी ग्रुपवर मेसेज लिहिला. देअर सीम्स टू बी अ टायपो इन द लिस्ट. किती सोपं वाक्य होतं. त्यात कुणीच नव्हतं. मी नव्हते, काका नव्हते, ताईंचे वडील तर नव्हतेच. पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं. बस पुढे नाशिक फाट्यापर्यंत उगाच जात राहिली असती तर बरं, असं वाटत असतानाच आमचा स्टॉप आला. तेच मराठीत लिहून बघितलं, तर पहिला शब्द ‘मी’ आला. तेही पुसलं.

आईला सांगावं म्हटलं. ती जेवताना म्हणाली, “मावशी काय कौतुक करत होत्या तुझं! म्हणे, यादी करावी तर हिनं, एक खाडाखोड नाही.” मी वरणभात संपवला.

रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये मीटिंग होती. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मावशींनी तोडे आधीच आणून ठेवले होते, त्याच उपरण्यात. ताईंनी स्टीलचा डबा उघडून बंदे टेबलावर ओतले. केवढा आवाज झाला. मोजायला दोघी बसल्या, भरले पूर्ण.

“कशाला नेता हो?” एक जण म्हणाली, अगदी मनापासून. “राहू देत की. कमी तर कमी, आमचं काही म्हणणं नाही.”

ताईंनी तिच्याकडे बघितलं. “कमी तर कमी कसं ओ?”

“नेऊ दे गं,” लिफ्टमधल्या दोघींपैकी एक हळूच म्हणाली. “नवीन वर्षात सगळं चोख राहील.”

“तोंड आवरा जरा,” मावशी म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर होते. “ये गं बेटा. नोंद वाच आणि त्यावर रेघ मार. म्हणजे मिटलं.”

मी पुढे गेले. वही उघडली. सातवी ओळ. ताईंचा फ्लॅट नंबर, तोडे एक जोड, आणि पुढे माझ्या सुबक अक्षरातले दोन आकडे. ताई उपरण्याची गाठ बांधत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांच्या बोटांना कणीक चिकटलेली होती, घाईत धुवायची राहून गेलेली.

“वाच ना,” मावशी म्हणाल्या. “अठ्ठ्याहत्तर ना?”

खोलीत पंखा चालू होता. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या कानात इअरफोन नव्हते. आवाज फुटला तो मला वाटला त्यापेक्षा मोठा होता.

“ताई, गाठ बांधू नका. सोनारकाका सत्त्याऐंशी म्हणाले होते, मी उलटं लिहिलं. मला मराठी आकडे येत नाहीत, आणि मी विचारलं नाही. तुमच्या आईला माझ्या फोनवरून फोन लावा. मी बोलते त्यांच्याशी.”